यवतेश्वरचा घाट उतरण्याची तयारी : साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसाठी सोळा आठवडे

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन मी पहिल्यांदा धावले तेव्हा घाट चढून वर पोचेपर्यंत सगळं छान चाललं होतं. दम पुरला होता, पाय ताजे होते आणि परतीचा जवळजवळ सगळा रस्ता उताराचा. मी पाय मोकळे सोडले आणि पुढचे तीन किलोमीटर अक्षरशः धावत सुटले. घाट संपत आला तशा मांड्या थरथरायला लागल्या. शहरात शिरल्यावर तर गुडघा वाकवून पाय उचलणंही जमेना. शेवटचे तीन किलोमीटर मी चालत काढले. दम तेव्हाही शिल्लक होता, मांड्या मात्र संपल्या होत्या.

त्यानंतर ही शर्यत मी अनेकदा धावले, पहिल्यांदा येणाऱ्या बऱ्याच जणांबरोबर सरावही केला. सगळे एकच प्रश्न विचारतात : चढ झेपेल का? चढ झेपतो. दमला तर चालता येतं, घाटात चालण्यात काही कमीपणा नाही. खरी तयारी करायची ती उताराची, आणि नेमकी तीच कोणी करत नाही. म्हणून या लेखात उतारावर जास्त लिहिलं आहे आणि बाकीच्या गोष्टी गरजेपुरत्या.

मार्ग कसा आहे

२०१२ साली सुरू झालेली ही शर्यत पावसाळ्याच्या उत्तरार्धात, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास होते. अंतर हाफ मॅरेथॉनचं, म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. सातारा शहरातून निघायचं, समर्थ मंदिराच्या बाजूनं यवतेश्वरच्या घाटाला लागायचं, कासच्या रस्त्यावर पुढे जाऊन वळायचं आणि त्याच रस्त्यानं परत यायचं. शहरातला रस्ताही घाटाच्या दिशेनं चढत जातो, त्यामुळे सपाट असं फारसं काही मिळत नाही. घाट संपल्यावर वर पठारी रस्ता लागतो. तोही वरखाली होतो आणि वारा समोरून आला तर तिथला एकेक किलोमीटर लांबतो. मग वळण, आणि मघाशी चढलेलं सगळं उतरायचं.

इथल्या वेळेची तुलना सपाट शर्यतीतल्या वेळेशी करू नका. धावपटू अविनाश साबळेनं २०२० मध्ये १ तास ३० सेकंदांत हाफ मॅरेथॉन पूर्ण करून तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला, तो दिल्लीच्या सपाट रस्त्यांवर. घाटातलं घड्याळ वेगळं चालतं.

सुरुवात कुठून करायची

न थांबता पाच किलोमीटर हळू धावता येत असेल तर सोळा आठवडे पुरतात. येत नसेल तर आधी दोन महिने चालणं आणि धावणं आलटून पालटून करा, नोंदणी पुढच्या वर्षी करा. नोंदणी काही महिने आधी उघडते आणि लवकर भरते, त्यामुळे सरावाच्या आधी तारखेवर लक्ष ठेवावं लागतं.

वय चाळिशीच्या पुढे असेल, घरात हृदयविकार असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, किंवा चालताना छातीत कधी जड वाटलं असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. बायकांनी हिमोग्लोबिन तपासून घ्यावंच. धावताना सारखी धाप लागणाऱ्या आणि ‘माझा स्टॅमिनाच नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी मैत्रिणींचं कारण अंगात रक्त कमी असणं हे निघालं आहे. तसं असेल तर कितीही सराव करा, दम वाढत नाही. आधी उपचार घ्यावे लागतात.

आठवड्याची घडी

आठवड्यातून चार दिवस धावायचं. मंगळवारी सावकाश ४ ते ७ किलोमीटर. गुरुवारी चढ-उताराचा सराव. शनिवारी अगदी हलके ३-४ किलोमीटर, कंटाळा आला तर तेही सोडा. रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सर्वांत लांब धावणं. बुधवारी आणि शुक्रवारी घरीच पंचवीस मिनिटं ताकदीचे व्यायाम. सोमवारी पूर्ण विश्रांती.

सावकाश म्हणजे किती सावकाश? सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दोन-दोन शब्दांवर श्वास तुटत असेल तर वेग जास्त आहे. सुरुवातीला हा वेग अपमानास्पद वाटतो, पण आठवड्यातलं बहुतेक धावणं याच वेगानं व्हायला हवं. नवीन धावणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक हीच की ते रोजच मध्यम जोरात धावतात, मग रविवारचा लाँग रन थकलेल्या पायांनी होतो आणि महिन्याभरात नडगी दुखायला लागते.

लाँग रनचं अंतर असं वाढवत न्या. पहिले चार रविवार : ६, ७, ८, ६ किलोमीटर. पुढचे चार : ९, १०, ११, ८. त्यापुढचे चार : १२, १४, १५, ११. तेराव्या आठवड्यात १७, चौदाव्यात १८, पंधराव्यात १२ आणि सोळाव्यात शर्यत. दर चौथ्या आठवड्यात अंतर मुद्दाम कमी केलं आहे. तीन आठवडे ताण दिल्यावर शरीर दुरुस्ती करतं ती याच आठवड्यात, त्यामुळे ‘बरं वाटतंय’ म्हणून तो आठवडा खाऊन टाकू नका. सरावात पूर्ण २१ धावायची गरज नाही. १८ झाले की उरलेले तीन शर्यतीच्या दिवशी निघतात.

शर्यत सप्टेंबरच्या सुरुवातीला धरली तर सराव मेच्या मध्यावर सुरू होतो. मेमध्ये उजाडायच्या आत धावून घ्या. आषाढी वारीच्या पालखीच्या दिवसांत दिवे घाट वाहतुकीला बंद असतो आणि सगळी वाहनं बोपदेव घाटाकडे वळतात. बोपदेवला सराव करणाऱ्या पुण्याच्या मंडळींनी त्या दिवसांत दुसरी टेकडी धरावी.

उतार मांड्यांचं काय करतो

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जातो आणि शरीराला वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू उलट काम करतो. पाऊल टेकलं की गुडघा वाकू लागतो आणि शरीराचं वजन खाली येत असतं. ते सावरायला स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. गाडी उतारावर ब्रेक दाबत खाली आणावी तसं. या कामाला ऑक्सिजन कमी लागतो, म्हणून दम लागत नाही आणि सगळं सोपं चाललंय असं वाटतं. पण स्नायूंच्या तंतूंमध्ये बारीक इजा होते ती याच कामात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंबलतात त्या म्हणूनच. लांब घाटात ही इजा शर्यत चालू असतानाच जाणवायला लागते आणि स्नायूंची ताकद तिथल्या तिथे कमी होते.

चांगली गोष्ट अशी की स्नायू हा धडा एका फेरीत शिकतात. एकदा लांब उतारावर धावलात, दोन-तीन दिवस पाय दुखले आणि बरे झाले, की पुढच्या वेळी तेवढ्याच उतारानं बरंच कमी दुखतं. हे संरक्षण काही आठवडे टिकतं. सगळी योजना याच एका गोष्टीवर उभी करायची.

पाचव्या आठवड्यापासून गुरुवारी चढ-उतार सुरू करा. पहिल्यांदा तीन-चारशे मीटरचा मध्यम उतार घ्या, सावकाश चढा, सावकाशच धावत उतरा, अशा चार फेऱ्या. दर आठवड्याला एखादी फेरी किंवा थोडी लांबी वाढवा. दहाव्या आठवड्यापर्यंत एका दमात दोन किलोमीटर धावत उतरता यायला हवं. मग मोठ्या घाटाचे दोन रविवार : अकराव्या आठवड्यातले १५ किलोमीटर आणि तेराव्यातले १७ किलोमीटर खऱ्या घाटात करा, निम्मं चढून निम्मं उतरत. तेराव्या आठवड्यातला घाट हा शेवटचा मोठा उतार. शर्यतीला तेव्हा तीन आठवडे असतात. दुखणं निघून जायला तेवढा वेळ पुरतो आणि संरक्षणही टिकून राहतं. चौदाव्या आठवड्यातले १८ सपाटीवर करा. शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात ‘एकदा बघून येऊ’ म्हणून घाट उतरायला जाऊ नका. असं करून शर्यतीला दुखऱ्या मांड्या घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत.

घाट कुठला? साताऱ्यात अजिंक्यताऱ्याचा रस्ता आहेच, यवतेश्वरही आहे. पुण्यात बोपदेव किंवा सिंहगडाचा डांबरी रस्ता, मधल्या सरावाला तळजाई आणि वेताळ टेकडी. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरी लेण्यांकडे जाणारा रस्ता, ठाण्यात येऊर. कोल्हापुरात पन्हाळा आणि जोतिबा. नागपुरात सेमिनरी हिल्स. सोलापूर-लातूरकडच्या सपाट गावांत राहत असाल तर उड्डाणपूल शोधा, पहाटे त्याच्या दहा-बारा फेऱ्या मारा आणि उतरण्याचं बाकीचं काम जिन्यावर आणि बैठकांवर भागवा. ट्रेडमिलवर चढ मिळतो, उतार बहुतेक मशीनवर मिळत नाही.

उतरायचं कसं

घाबरलेलं शरीर उतारावर मागे रेलतं. मग पाऊल लांब पुढे पडतं, टाच आपटते, गुडघा सरळ असतो आणि प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो. मांड्या संपवण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही. त्याऐवजी घोट्यापासून अगदी थोडं पुढे झुका, उताराबरोबर. कमरेत वाकू नका. पावलं लहान आणि भराभर टाका, पाऊल शरीराच्या खालीच पडू द्या. टेकताना गुडघा किंचित वाकलेला असावा. कोपरं जरा बाहेर सोडली की तोल सावरतो. नजर आठ-दहा फूट पुढे ठेवा, पायाखाली नाही. पावलांचा आवाज ऐका. थपथप आवाज येत असेल तर पावलं अजून लांब पडताहेत. आवाज हलका झाला म्हणजे जमायला लागलं.

वेग किती ठेवायचा, याला पुन्हा तीच बोलण्याची कसोटी, फक्त जरा कडक : उतारावर गप्पा मारता यायला हव्यात. एखाद-दुसरं वाक्य जमलं म्हणजे पुरेसं नाही. वेग त्याहून वाढला तर पुढच्या पाच किलोमीटरची मांडी आत्ताच खर्च होते आहे असं समजा.

वळणावर आतली बाजू जास्त उभी असते. अंतर वाचवायला सगळे आतून कापतात. चढताना आणि उतरताना दोन्ही वेळी मी जमेल तेवढी बाहेरून जाते. चार पावलं जास्त पडतात, पण उतार सौम्य मिळतो. ओल्या रस्त्यावर पांढरे पट्टे फार निसरडे होतात, कडेला शेवाळ असतं, त्या दोन्हींवर पाय ठेवू नका.

घरातला व्यायाम

बैठका आपल्या तालमीतल्याच, फक्त खाली जायला चार सेकंद घ्या आणि वर पटकन या. खाली जाण्याचा तो सावकाश भागच उताराची तयारी आहे. बारा-बाराच्या तीन खेपा. जिन्याच्या खालच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच सावकाश जमिनीला टेकवायची आणि वर यायचं, प्रत्येक पायानं दहा-दहा वेळा. हे करताना गुडघा आतल्या बाजूला पडू देऊ नका, आरशासमोर करा. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर-खाली करणं पोटऱ्यांसाठी. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणं आणि प्लँक (कोपरं आणि चवड्यांवर शरीर सरळ धरून ठेवणं) हे कंबरेसाठी. एवढं पुरे. पंधराव्या आठवड्यापासून बैठका बंद करा.

चढ

चढावर घड्याळ बघू नका, श्वास बघा. सपाटीवर किलोमीटरला ७ मिनिटं घेणारा माणूस घाटात ८ ते ९ मिनिटं घेतो आणि ते बरोबरच असतं. पावलं लहान ठेवा, हात मागेपुढे चालू ठेवा, मान खाली घालू नका. श्वास तुटायला लागला की तीस-चाळीस पावलं झपाझप चाला आणि परत धावा. चालणं दमल्यावर सुरू करण्यापेक्षा आधीच ठरवून घेतलं तर बरं : चार मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं. घाटात हे गणित लावून वर पोचलेला माणूस नुसतं धावत गेलेल्यापेक्षा फार मागे नसतो आणि त्याचे पाय जास्त ताजे असतात.

पावसातला सराव

सुती कपडे विसरा. भिजलेला सुती टी-शर्ट जड होतो आणि सालटं काढतो. काखेत, मांड्यांच्या आत, बायकांनी ब्राच्या पट्टीखाली आणि पुरुषांनी स्तनाग्रांवर पेट्रोलियम जेली लावावी. १५ किलोमीटरच्या ओल्या धावण्यानंतर अंघोळीच्या वेळी याचं महत्त्व कळतं. टोपीला पुढे चोच असली की पाऊस डोळ्यांत जात नाही. सिंथेटिक मोजे घ्या. बुटांचे दोन जोड असले तर फार सोय होते. आतली सोल काढून बुटांत वर्तमानपत्र कोंबायचं, दोन तासांनी ते बदलायचं आणि रात्रभर पंख्याखाली ठेवायचं. हीटरवर किंवा गॅसजवळ वाळवले तर बुटांचा डिंक सुटतो. शर्यतीचे बूट किमान ६०-७० किलोमीटर वापरलेले असावेत आणि अर्ध्या बोटानं मोठे. उतारावर बोटं पुढे सरकतात आणि नखं काळी पडतात ती घट्ट बुटांमुळे. नखं शर्यतीच्या तीन दिवस आधी कापा.

साचलेल्या पाण्यातून धावू नका. पायाला खरचटलेलं असताना तसल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. विजा चमकत असतील तर टेकडीवर जाऊ नका. ताप असताना धावायचं नाही, ‘घाम काढला की उतरेल’ हे ऐकू नका. डेंग्यू झाला असेल तर डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत थांबा, शर्यत दर वर्षी असते.

आणि पावसात घाम येत नाही असं समजू नका. दमट हवेत घाम वाळत नाही एवढंच. लाँग रनच्या आधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो आणि शर्यतीत किती प्यायचं ते त्यावरून ठरवता येतं.

खाणं

घरचं जेवण पुरतं. सरावाच्या सोळा आठवड्यांत भात-पोळी कमी करण्याचं डाएट सुरू करू नका, पाय त्याच इंधनावर चालतात. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, पनीर, अंडी किंवा मासे यांतलं काहीतरी भरपूर घ्या.

श्रावणाचा विचार आधीच करून ठेवा, कारण सरावातले सर्वांत लांब रविवार त्याच सुमाराला येतात. श्रावणी शनिवारचा उपास करत असाल तर रविवारच्या लाँग रनला टाकी रिकामी राहता कामा नये. रताळी, राजगिरा, वरईचा भात, केळी हे सगळं कर्बोदकांनी भरलेलं आहे आणि उपासाला चालतं. साबुदाणा खिचडीही चालते, पण शेंगदाण्याचं कूट आणि तूप आवरतं घ्या, नाहीतर सकाळी पोट जड राहतं. निर्जळी उपासाच्या दुसऱ्या दिवशी लाँग रन करू नका, तो सोमवारवर ढकला.

दीड तासाहून जास्त धावणार असाल तर वाटेत खावं लागतं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हा सर्वसाधारण हिशेब. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, धावणाऱ्यांसाठी मिळणाऱ्या जेलच्या एका पाकिटात २० ते २५. बिया काढलेले दोन-तीन खजूरही चालतात. चिक्की नको, धापेत चावता येत नाही. काय मानवतं ते १२ किलोमीटरच्या पुढच्या प्रत्येक लाँग रनला तपासून बघा. शर्यतीत पहिल्यांदाच जेल खाऊन पोट बिघडलेले लोक दर वर्षी भेटतात.

मिठाचं पाणी हवं असेल तर ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या मापानंच कालवा. पाणी कमी घातलं की मळमळतं. नुसतं पाणी ढसाढसा पिणंही धोक्याचं आहे, रक्तातलं सोडियम उतरतं आणि डोकं दुखणं, उलटी, गोंधळल्यासारखं होणं सुरू होतं. तहान लागेल तसं, घोट घोट प्या.

दुखणं ओळखणं

दोन्ही मांड्या सारख्या दुखताहेत, सकाळी जास्त आणि चालल्यावर कमी, तर तो सरावाचा भाग आहे. दुखणं एका बोटानं दाखवता येत असेल, धावताना वाढत असेल किंवा त्यामुळे लंगडायला होत असेल, तर धावणं थांबवा. उतारामुळे हमखास होणारा त्रास म्हणजे गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची कळ. पहिले काही किलोमीटर बरं असतं, मग एकाच ठिकाणी सुरी टोचल्यासारखं होतं. अशा वेळी दोन आठवडे उतार पूर्ण बंद ठेवा, सपाटीवर थोडं धावा, कंबरेचे व्यायाम वाढवा. तरी राहिलं नाही तर फिजिओथेरपिस्टकडे जा. शर्यतीच्या सकाळी वेदनाशामक गोळी खाऊन धावू नका. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडावर ताण येतो.

वेळेचा अंदाज

शर्यतीच्या चार-पाच आठवडे आधी सपाटीवर १० किलोमीटर जोरात धावून बघा. त्या वेळेला २.२ नं गुणलं की सपाट हाफ मॅरेथॉनचा अंदाज मिळतो. ६५ मिनिटं लागली असतील तर १४३, म्हणजे २ तास २३ मिनिटं. साताऱ्यासाठी मी त्यात पहिल्या वेळी पंधरा ते वीस मिनिटं घालायला सांगते. म्हणजे २ तास ४० मिनिटं. त्याची वाटणी अशी करा : वळणापर्यंत ८७ मिनिटं, परत यायला ७३. किलोमीटरला जाताना सव्वाआठ मिनिटांच्या आसपास, येताना सातच्या किंचित आत. येतानाचा आकडा तुम्हाला फार हळू वाटेल. तो तसाच ठेवा.

साताऱ्यात

शनिवारी दुपारपर्यंत पोचा. पुण्याहून अंतर ११० किलोमीटरच्या आसपास आहे, पण शनिवारी खंबाटकी घाटात गाड्या तुंबतात. मुक्कामाची सोय नोंदणी झाली त्याच दिवशी करून टाका. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घेताना ओळखपत्र लागतं. संध्याकाळी कासला फिरायला जायचा मोह होईल, तो रविवारनंतर पुरा करा. शनिवारी मिसळ नको, उसळ नको, कच्ची कोशिंबीर नको. वरण-भात, बटाट्याची भाजी, दही. जेवण आठच्या आत. रात्री झोप लागली नाही तरी काळजी करू नका, शुक्रवारची झोप जास्त महत्त्वाची असते.

सकाळी शर्यतीच्या अडीच तास आधी उठा, दोन केळी आणि जॅम लावलेला ब्रेड, किंवा शेंगदाणे न घातलेले पोहे खा. चहा-कॉफीची सवय असेल तर घ्या. अंगावर कचऱ्याची मोठी प्लास्टिकची पिशवी घालून उभं राहा, पावसात गारठत नाही. सुरुवात झाली की ती काढून कचऱ्याच्या डब्यातच टाका. दहा मिनिटं चालणं आणि हलकं धावणं एवढा वॉर्म-अप पुरतो.

शहरातल्या पहिल्या किलोमीटरांत सगळे तुम्हाला मागे टाकून जातील. जाऊ द्या. रस्ता चढाचा आहे हे गर्दीत आणि टाळ्यांच्या आवाजात जाणवत नाही. सातारकर घराबाहेर उभे राहून, नाव-गाव माहीत नसलेल्या माणसाला ओरडून बळ देतात. मी इतर ठिकाणीही धावले आहे, पण हा अनुभव मला दुसरीकडे क्वचित आला. त्या आवाजानं वेग वाढतो, म्हणून तिथे मुद्दाम श्वास तपासा.

घाटाच्या पायथ्याशी पहिलं खाणं घ्या, चढात चावणं कठीण जातं. घाटात चार मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं. वर धुकं आणि वारा असेल, घामेजलेलं अंग एकदम गार पडतं, तिथे थांबून फोटो काढत बसू नका. वळणाच्या जवळ दुसरं खाणं. पाण्याच्या टेबलाशी पहिल्याच टेबलावर झडप घालू नका, पुढच्या टेबलांपाशी गर्दी कमी असते. ग्लास वरून चिमटा, म्हणजे पाणी नाकात जात नाही. ग्लास रस्त्यावर टाकू नका, ओल्या रस्त्यावर मागच्याचा पाय त्यावरून घसरतो.

आता उतार. घाटाच्या तोंडाशी आलात की एक मिनिट चाला, खांदे सैल करा आणि मग सुरू करा. खाली सातारा दिसत असेल, शेजारून लोक झपाझप जात असतील. लहान पावलं, हलका आवाज, गप्पा मारता येतील एवढाच वेग. घाटाचा शेवटचा किलोमीटर आला आणि मांड्या अजून आपल्या वाटत असतील, तर तिथून मोकळं धावा. शहरातल्या त्या शेवटच्या किलोमीटरांसाठीच त्या राखून ठेवल्या होत्या. मघाशी पुढे गेलेले बरेच जण तिथे चालताना भेटतात. त्यांना दोन शब्द बोलून पुढे जा.

पोटरीत गोळा आला तर थांबा, चवडा हळूहळू स्वतःकडे ओढा आणि मग चालत सुरुवात करा. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर रस्त्याच्या कडेला बसा आणि स्वयंसेवकाला हाक मारा.

नंतर

शर्यत संपल्यावर लगेच बसू नका. पदक घेऊन दहा-पंधरा मिनिटं चाला, ओले कपडे बदला, तासाभरात पोटभर खा. शनिवारी टाळलेली मिसळ आता चालेल, कंदी पेढेही. गाडी स्वतः चालवून परतायचं असेल तर दोन-तीन तास थांबा. क्लच दाबताना पोटरीत गोळा येणं घाटात परवडत नाही.

सोमवार-मंगळवारी जिना कठड्याला धरून उतरा. दुखणं साधारण दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि तिथून ओसरतं. चार दिवस फक्त चालणं. पाचव्या-सहाव्या दिवशी अर्धा तास सपाटीवर सावकाश धावून बघा. लघवीचा रंग चहासारखा गडद झाला, किंवा मांड्या सुजून कमी होण्याऐवजी वाढत दुखू लागल्या, तर वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात जा. उताराचा आणि जोराचा सराव दोन आठवड्यांनी. तोपर्यंत कासच्या पठारावर फुलं आलेली असतील. मघाशी टाळलेली ती चक्कर आता गाडीनं करून या, आणि वाटेत यवतेश्वरच्या घाटात उतरताना आतल्या आणि बाहेरच्या बाजूचा उतार खिडकीतून नीट बघून ठेवा.